दोन-आठ मोठी की दोन-दहा?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. १९९४ साली दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल, तर बीजगणित आणि भूमितीची पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली. गणितात काठावर सुटले होते. आईने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "सुटलीस गं बाई एकदाची!" पुढे मराठी घेऊन बी. ए. झाले, लग्न होऊन साताऱ्याला आले, आणि गणिताशी माझा संबंध दूधवाल्याच्या खाड्यांपुरता उरला. तीच मी गेली कित्येक वर्षं दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते, हे ऐकून माझा भाऊ अजून हसतो.

हे मी काही हौसेने अंगावर घेतलं नव्हतं. २०१४ साली आमच्या महिला मंडळातल्या चौघींनी मिळून वस्तीतल्या समाजमंदिरात अभ्यासिका सुरू केली. वाटणी ठरली होती. मी मराठीचं वाचन-लेखन बघायचं, दुसरी इंग्रजी, तिसरी गणित-विज्ञान आणि चौथी खाऊ आणि हजेरी. सहा महिन्यांत गणितवालीच्या मिस्टरांची बदली झाली. बाकीच्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. पण मुलं वह्या उघडून बसली होती, त्यांना काय सांगणार?

तेव्हा मला पुण्याची एक सहल आठवली. २०११ साली मुलाच्या शाळेबरोबर पालक म्हणून मी गेले होते. 'आयुका' ही खगोलशास्त्राची मोठी संस्था. तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्ता तेव्हा तिथे काम करत होते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे हे गृहस्थ पुढे २०१८ साली पद्मश्री झाले. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर. पुण्यातल्या मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीतून १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यातल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले आणि तिथल्या बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. त्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी आकृत्या केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावलं की कलंडतो. पुलांना आणि छपराच्या कैच्यांना त्रिकोणच का असतात, ते मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं! भूमितीचं पुस्तक रद्दीत घालणाऱ्या मला.

तर म्हटलं, चला, आपणही असंच काहीतरी करू. त्यांची पुस्तकं मिळवली. काड्या आणल्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणली (ती शोधायला तीन सायकलवाले पालथे घातले), स्ट्रॉ, फुगे, जुन्या चपलांचे तळ, रिकाम्या बाटल्या. दर शनिवारी एक नवा प्रयोग. मुलं खूश. टाळ्या वाजवायची. "ताई, पुढच्या शनिवारी काय दाखवणार?" अभ्यासिकेतली हजेरी दुप्पट झाली आणि मला वाटायला लागलं की मला हे जमलं.

मग एकदा सहज लेखी विचारलं. दोऱ्याला दगड बांधून झोका दिला, एक हलका, एक जड, दोरा तेवढाच, कुठला झोका भरभर होईल? हा प्रयोग मी महिन्यापूर्वी त्यांच्यासमोर केला होता. दोन्ही झोक्यांना सारखाच वेळ लागतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, जड दगड भरभर. मला रडूच आलं. एवढा आटापिटा केला, आणि डोक्यात जे आधी होतं तेच राहिलं! मी दाखवत होते, ते बघत होते. टीव्हीवर दाखवतात, आपण बघतो, तसं. जादूगाराच्या खेळात कोणी स्वतःचं मत बदलून घरी जातं का?

त्यानंतर मी एक साधी गोष्ट केली. प्रयोगाआधी सगळ्यांना उभं केलं. जड दगड भरभर म्हणणाऱ्यांनी खिडकीशी जा, हलका म्हणणाऱ्यांनी दाराशी, दोन्ही सारखे म्हणणाऱ्यांनी मध्ये थांबा. आणि तिथे का गेलात ते सांगा. मग जो काही कल्ला झाला! "जड वस्तू जोरात जाती, ट्रक बगा की." "ट्रक हळू चालतो येड्या." मग दोरे, दगड, मोजणी सगळं त्यांच्याच हातात दिलं, मोबाइलवर सेकंद मोजायचे तेही त्यांनीच. एक मीटर दोरा, दहा झोके (जाऊन परत आला की एक), वीस सेकंद. दगड बदलला, परत वीस. खिडकीवाल्यांनी चार वेळा मोजलं. शेवटी एक पोरगा मुकाट मध्ये येऊन उभा राहिला. मग कोणीतरी म्हणालं, दहा सेकंदांत दहा झोके हवे असतील तर दोरा अर्धा करू. केला. जमेना, सेकंद चौदाच भरायचे. कापत कापत पंचवीस सेंटिमीटरवर आले तेव्हा दहा सेकंद जमले. वेळ निम्मा करायला दोरा पाव करावा लागतो, हे त्या दिवशी मलाही पहिल्यांदाच कळलं. मी तसं सांगून टाकलं. मुलांना त्याचाच आनंद जास्त झाला.

पण स्वतः पैज लावायची तर हरायचीही तयारी लागते, आणि ती फक्त मुलांची नाही. मेणबत्तीच्या शनिवारी ते मला चांगलंच समजलं.

प्रयोग तुम्हीही शाळेत केला असेल. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात चढतं. पाणी नीट दिसावं म्हणून मी चिमूटभर कुंकू टाकलं होतं. मग शाळेत ऐकलेलं सांगितलं: हवेत प्राणवायू साधारण पाचवा हिस्सा, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. छान पटण्यासारखं. पण आमच्याकडे एक पोरगा आहे, त्याला आम्ही वकीलसाहेबच म्हणतो. त्याने हात वर केला. "ताई, प्राणवायू जळत जळत संपला ना? मग पानी पण हळूहळू चढाय पायजे. ते मेणबत्ती विझल्यावर एकदम चढलं." दुसरी एक म्हणाली, "आणि ग्लासाखालून बुडबुडे आले होते बाहेर. ते कसले?"

मी पुन्हा करून बघितलं. खरंच की! पाणी विझल्यावर झपकन चढत होतं. एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नसेल? मुख्य म्हणजे, माझ्या का आलं नाही? मी म्हटलं, "मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी बघू." हे चार शब्द उच्चारायला किती जड जातात, ते शिक्षक आणि आई दोघींनाही विचारा.

पुढच्या शनिवारी युक्तीही पोरांनीच काढली. ग्लास तोच, म्हणजे प्राणवायूही तेवढाच. मेणबत्त्या वाढवू. एक, मग दोन, मग तीन. प्राणवायूमुळे पाणी चढत असेल तर तिन्ही वेळा सारखंच चढायला हवं. तीन मेणबत्त्यांना पाणी कितीतरी जास्त चढलं. ग्लासाला स्केचपेनने खुणा केल्या होत्या, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. ओळखीच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. ज्योतीने ग्लासातली हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. तेच ते बुडबुडे. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जळताना तयार झालेली वाफही गार होऊन पाणी होते, त्यानेही जागा रिकामी होते. आणि मेणबत्ती विझते तेव्हा आत प्राणवायू बराचसा शिल्लकच असतो. म्हणजे मी पोरांना ठामपणे चुकीचं सांगितलं होतं, आणि मला ज्यांनी सांगितलं त्यांनीही.

असं शिकवणं नवीन नाही, बरं का. वर ज्या होशंगाबादचा उल्लेख केला, तिथे १९७२ साली सोळा सरकारी शाळांत अशाच पद्धतीने विज्ञान सुरू झालं होतं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरुवात केली, १९८२ पासून एकलव्य संस्थेने पुढे नेलं. पुस्तकात तयार उत्तरं नसायची, फक्त 'करून बघा' आणि प्रश्न. मुलांनी गटात प्रयोग करायचे, निष्कर्ष वहीत लिहायचे आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायचं! हजाराच्या आसपास शाळांपर्यंत हे पोचलं होतं. २००२ साली तिथल्या सरकारने ते बंद केलं. तीस वर्षं खेड्यातल्या शाळांतून चाललेली गोष्ट एका निर्णयाने थांबते, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. तिथे आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य होतं. आणि आज आपण काय करतो? 'अ‍ॅक्टिव्हिटी'च्या नावाखाली हजार-दोन हजारांचे खोके विकत घेतो. मुलांचा 'प्रकल्प' तर आयाच करतात. रात्री अकरा वाजता थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवत बसलेली आई तुमच्या इमारतीत नाही का? मी स्वतः दोनदा बसले आहे. एकदा तर बक्षीससुद्धा मिळालं, मला!

असो. ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती २०१६ सालची. नावं लिहीत नाही, कारण ती मुलं आता मोठी झालीत आणि हा पेपर त्यांच्या घरीही जातो.

वस्तीत एक बांगडीवाल्या मावशी राहतात. तेव्हा राजवाड्याजवळ टोपली घेऊन बसायच्या, जत्रा असली की जत्रेला जायच्या. त्यांची मुलगी सातवीत होती. शांत, मागच्या रांगेत बसणारी. त्या शनिवारी मी दशांश अपूर्णांकांचा कागद दिला होता. दोनपैकी मोठ्या संख्येला गोल करा. ३.७ आणि ३.१५. ०.५ आणि ०.२५. शेवटचा प्रश्न होता २.८ आणि २.१०. तिने प्रत्येक ठिकाणी चुकीच्या संख्येला गोल केला होता. मी तांबड्या पेनने फुल्या मारल्या आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, हे सहावीत झालंय ना तुमचं? लक्ष कुठे असतं?" तिने शेवटच्या गणितावर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, "पण दोन-दहाच मोठी असती." पोरं हसली. मीही हसले.

पुढचे तीन शनिवार ती आली नाही.

मला काहीच वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते. मुलं येतात, जातात. मग श्रावण आला. भाचीची मंगळागौर होती म्हणून बांगड्या घ्यायला राजवाड्याजवळ गेले. मावशींनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाल्या, "दोन-आठ न्हाई चढायची आता ताई. हात भरलं तुमचं. दोन-दहा घ्या."

"दोन-दहा मोठी असते का?"

"मग! दोन-आठपरीस एक नंबर मोठी."

मी तशीच उभी राहिले. कानशिलं तापली. वयाच्या अठराव्या वर्षापासून बांगड्या भरत आलेली बाई मी, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही मापं शेकडो वेळा तोंडाने म्हटलेली. आणि तो कागद तयार करताना मला ते आठवलं नव्हतं. मावशींच्या मागे ती बसली होती, काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळत. तिने वर बघितलं नाही.

"शाळा कशी चाललीय हिची?" मी उगाच विचारलं.

"सातवी झाली की बास. शाळंतबी म्हनत्यात गणितात शून्य हाय. तुमीबी तसंच म्हनला म्हनं. मग कशापायी वेळ घालवायचा? इथं हाताशी येती, गिऱ्हाईक चांगलं करती."

मी तिला म्हटलं, "तू बरोबर होतीस. मी न विचारता फुली मारली. येत्या शनिवारी येशील? आणि येताना प्रत्येक मापाची एकेक बांगडी आण. मला शिकायचंय." ती काही बोलली नाही. मावशी मात्र लगेच म्हणाल्या, "फुटल्या तर?" म्हटलं, "भरून देईन."

ती आली. जुन्या साडीच्या तुकड्यात बांगड्या गुंडाळून आणल्या होत्या, दोन-दोनपासून दोन-बारापर्यंत. मी घरून यांचा स्टीलचा टेप आणला होता, ज्यात इंचाचे सोळा भाग केलेले असतात. आधी अंदाज, हा आता आमचा नियमच होता. बहुतेक पोरं म्हणाली, दोन-आठ मोठी, कारण शाळेत २.८ मोठे. तिने एकटीने दोन-दहावर बोट ठेवलं. मग दोन्ही बांगड्या एकात एक ठेवल्या. दोन-आठ दोन-दहाच्या आत अलगद बसली. खोलीत एकदम शांतता.

आता टेप. दोन-आठची बांगडी आतून मोजली तर बरोबर अडीच इंच. दोन-चारची सव्वादोन. दोन-दहाची अडीच आणि वर दोन बारीक रेघा. "म्हंजे रेघा मोजल्यात!" वकीलसाहेब ओरडले. दोन-आठ म्हणजे दोन इंच आणि वर सोळातले आठ भाग. दोन-दहा म्हणजे दोन इंच आणि सोळातले दहा. दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या एका आजींनी तिथूनच सांगितलं, "आगं, इंचाचं सोळा आणं. रुपयाचं हुतं तसं." पोरांना आणे माहीतच नव्हते. मग आजींचा वेगळा तास झाला. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तोवर सोळा आण्यांचा रुपया होता. 'सोळा आणे खरं' असं आपण अजून म्हणतो, ते तिथूनच आलं.

त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही. ती हसली वगैरे नाही. फक्त बांगड्या परत गुंडाळायच्या ऐवजी तिने त्या मापाप्रमाणे ओळीने जमिनीवर मांडल्या, आणि मधली जागा सारखी ठेवली.

मग माझ्या मनात आलं, असे फसवे ठिपके आणखी असतील. पोरांना गृहपाठ दिला: घरात, दुकानात, रस्त्यावर, जिथे दोन आकड्यांमध्ये टिंब दिसेल ते लिहून आणा. काय काय आलं म्हणून सांगू! क्रिकेटचं १९.५ षटकं, पुढचा चेंडू पडला की वीस, कारण षटकात चेंडू सहा. घड्याळाचं ६.३०, तिथे साठ. मोठ्या भावाच्या पोलीस भरतीच्या तयारीवरून उंची ५.७, म्हणजे पाच फूट सात इंच, तिथे बारा. पेट्रोलच्या पंपावरचं लिटरचं टिंब, किराण्याच्या काट्यावरचं किलोचं टिंब, ही मात्र खरी दशांशाची. आम्ही फरशीवर खडूने घरं आखली: सहावाले, दहावाले, बारावाले, सोळावाले, साठवाले. प्रत्येकाने आपली चिठ्ठी घरात ठेवायची आणि ती तिथेच का, ते सांगायचं. उंचीच्या चिठ्ठीवरून मारामारी व्हायची वेळ आली. पाच फूट दहा इंचाला ५.१० लिहितात, मग ५.९ मोठं की ५.१०? सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बांगडीसारखंच हाय. दहा मोठी."

मग प्रश्न आला तो तिचाच. "मग गणिताच्या पुस्तकातलं टिंब कितीचं?" सहा वर्षं गणित शिकलेल्या आणि दोन वर्षं शिकवलेल्या कोणीही तिला हे सांगितलं नव्हतं, की पुस्तकातलं टिंब नेहमी दहाचं. नेहमी. एकाचे दहा, त्या दहातल्या एकाचे परत दहा. कागदाच्या मीटरभर लांब पट्ट्या कापल्या, एकीला दहा घड्या घातल्या, त्यातल्या एका भागाचे परत दहा केले. मग २.८ म्हणजे दोन पट्ट्या आणि आठ मोठे भाग, २.१० म्हणजे दोन पट्ट्या, एक मोठा भाग आणि शून्य बारीक. आणि पंधरा बारीक भाग म्हणजे एक मोठा आणि पाच बारीकच, म्हणून ३.१५ हे ३.७ पेक्षा लहान. समाजमंदिराच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी संख्यांच्या चिठ्ठ्या टांगल्या. कोणाला जागा पटली नाही तर चिमटा काढून दुसरीकडे लावायचा, पण कारण देऊन. ती सुतळी दोन महिने होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका खाली वाकून जायच्या.

बांगड्यांवरून आणखी एक गोष्ट सुचली. बांगडीभोवती दोरा गुंडाळायचा, तो सरळ करून बांगडीच्या रुंदीने मोजायचा. कुठल्याही मापाची घ्या, तीन वेळा बसून थोडा उरतो. दोन-चारचा दोरा अठरा सेंटिमीटर, दोन-आठचा वीस. आम्हाला भागाकार कधी ३.१ आले, कधी ३.२. हाच तो पाय, ज्याची किंमत मी १९९४ साली बावीस सप्तमांश म्हणून पाठ केली आणि कशाची किंमत ते कधीच विचारलं नाही. हळद-कुंकू, बांगड्या हे आपले रोजचे जिन्नस, त्यात एवढं गणित बसलंय हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही!

तक्रारी आल्याच. "ताई, पोरं नुस्ती खेळत्यात. अभ्यास कवा?" एका वडिलांनी तर मुलाला काढून शिकवणीला घातलं. त्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पाढे पाठ हवेतच. सात आठे किती यावर अडलेलं पोर पट्ट्या मोजण्यातच दमून जातं. म्हणून आम्ही शनिवारची पहिली वीस मिनिटं पाढ्यांना देतो, तालावर, टाळ्या वाजवत. आणि प्रयोग झाला की प्रत्येकाने चार ओळी लिहायच्याच: आधी मला काय वाटलं होतं, काय झालं, आता काय वाटतं. मुलं कुरकुरतात. मराठी माझा विषय, त्यामुळे तिथे मी ऐकत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या मुलीचं पुढे काय झालं? मोठ्ठी इंजिनीअर झाली असं सांगता आलं असतं तर लेख कसा झकास झाला असता! तसं काही नाही. मावशींनी सातवीनंतर शाळा थांबवली नाही, एवढं खरं. मी चार वेळा घरी गेले, एकदा भांडलेसुद्धा. दहावीला तिला गणितात पंचावन्न मार्क पडले. अकरावीत असताना मावशींचे गुडघे गेले आणि तिला शाळा सोडून टोपलीवर बसावं लागलं. दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून बारावी केली. आता टोपलीच्या जागी छोटी टपरी आहे, घाऊक माल आणायला ती एकटी जाते आणि हिशेब तिचा तीच ठेवते. जत्रा नसेल त्या शनिवारी अभ्यासिकेत येते. सहावीच्या मुलांना दशांश शिकवायची वेळ आली की तो तास तिचा. साडीच्या तुकड्यात बांगड्या घेऊन येते, दोन-आठ आणि दोन-दहा पुढे ठेवते आणि विचारते, "मोठी कंची?" मी मागच्या रांगेत बसते. चुकीच्या उत्तराला ती फुली मारत नाही. विचारते, "तुला असं का वाटलं, सांग की."

येत्या शनिवारी आमच्याकडे बर्फ आहे. ग्लास पाण्याने काठोकाठ भरायचा, त्यात तरंगता बर्फाचा खडा, डोकं पाण्याच्या वर आलेलं. बर्फ वितळला की पाणी सांडेल, खाली जाईल, की तेवढंच राहील? वकीलसाहेबांचा धाकटा भाऊ आता पाचवीत आहे. तो आत्तापासूनच 'सांडणार'च्या बाजूने पाच रुपयांची पैज लावून बसलाय. पैसे लावायचे नाहीत असं मी बजावलंय, तर म्हणतो कसा, "मग चॉकलेट लावू का?" तुमच्या फ्रीजमध्ये बर्फ असेलच. घरातल्या सगळ्यांचे अंदाज आधी कागदावर लिहून घ्या. तुमचासुद्धा.